खालच्या पट्टीतला म्हातारा

आमच्या दादाइतका, म्हणजे माझ्या मावसभावाइतका, अस्वस्थ माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. बसणं म्हणून त्याला ठाऊकच नव्हतं. जेवता जेवता उठून खिडकी लावायची, पुन्हा उघडायची. अर्धी दाढी झाली की अंगणात एक चक्कर. बहात्तरच्या दुष्काळात दादा मिरजगावकडच्या कामांवर ओव्हरसिअर होता. तिथेही खडीच्या ढिगाभोवती फिरत तो मजुरांना पियानो समजावून सांगायचा. एका मुकादमाने शांतपणे विचारलं, "सायब, पेटीच हाय ना ती? मंग भाता कोन मारतं?" दादा तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

हे वेड लागलं ते मायदेशी परत निघालेल्या एका मिशनरी बाईमुळे. तिच्या सामानाच्या लिलावात दादा खाट आणायला गेला आणि चावीचा ग्रामोफोन अन् खोकंभर जुन्या तबकड्या घेऊन केडगावला परतला. खाट राहिलीच. खोक्यात एकच नॉक्टर्न, म्हणजे रात्रीवरची हळवी चीज, दोन पियानोवादकांनी वेगवेगळ्या तबकड्यांवर वाजवलेली निघाली. झालं! रोज संध्याकाळी तुलना. पहिला लागला की दादा येरझाऱ्या घालत ओरडायचा, "ऐक, ऐक! डावा हात घरी पोचला, उजवा अजून वेशीपाशी रेंगाळतोय! मुद्दाम रे, मुद्दाम!" मग वहिनी तबकडी बदलून चावी द्यायच्या. दादाच्या धसमुसळ्या हाताने एकदा स्प्रिंग तुटल्यापासून ते काम त्यांचंच होतं. दुसऱ्या वादकाला दादा 'म्हातारा' म्हणे. म्हातारा लागला की पायाला भिंगरी लावलेला हा माणूस चक्क वहिनींशेजारी डोळे मिटून बसायचा. "पट्टीसुद्धा उतरवलीय त्याने," पुटपुटायचा, "सगळं बघून झालेला माणूस आहे हा."

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण मोजता येतं. पहिल्या तबकडीला वहिनी चावीचे तीस फेरे द्यायच्या, म्हाताऱ्याला जेमतेम बारा. चावी अपुरी पडली की तबकडी हळू फिरणार आणि सूरही खाली उतरणार. एकदा स्वयंपाकघरात गाठून मी म्हटलं, "वहिनी, दमतंय ते यंत्र, म्हातारा नाही!"

"हळू बोला, भावजी," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "दिवसभरात तेवढी चार मिनिटं हे माझ्याजवळ बसतात. ती पण काढून घेता का?"

मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर आलो.

आणि नेमकं त्याच महिन्यात नगरच्या एका वाचनालयाने या दोन वादकांवर दादाचं व्याख्यान ठेवलं. दादाची झोप उडाली. "म्हाताऱ्याची थोरवी लोकांना पटली नाही, तर तबकड्या विहिरीत टाकीन," म्हणाला. वहिनींना त्याने पहिल्या रांगेत बसवलं आणि चावी द्यायला स्टेजवर मला उभं केलं. पहिला वादक झोकात झाला. मग मी म्हाताऱ्याची तबकडी लावली. पुरती चावी दिली की खरं काय ते बाहेर पडणार होतं, आणि खरं बोलायची मला भारी खोड. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. मी बारा मोजले आणि हात काढला. दादा बोलता बोलता थांबला, स्टेजवरून उतरला आणि भर सभेत वहिनींशेजारी जाऊन बसला. लोक हसले. त्याला ऐकूही आलं नाही.

आता दोघंही नाहीत. ग्रामोफोन माझ्याकडे आहे. परवा पुरते तीस फेरे देऊन ती तबकडी लावली, तर कुणी हुशार तरुण भरभर वाजवत होता. चांगलं वाजवत होता बिचारा. पण मला करमेना. स्प्रिंग पुरती उतरू दिली आणि बारा मोजले. तेव्हा कुठे म्हातारा आला, आणि त्याच्यामागून ही दोघं.