मिशीशिवायचा चौथा सूर

बुधवारी सकाळी सव्वासहाला दारावर थाप पडली. गॅसवर दूध होतं, लेकीच्या दप्तरातून कालचा डबा काढायचा राहिला होता आणि आमचे हे तोंडाला साबण फासून आरशासमोर उभे होते. बेल धडधाकट असताना थाप मारणारा आमच्या मजल्यावर एकच माणूस, शेजारचे मिशीदादा. रात्रपाळी करून आले की पोरांची झोपमोड नको म्हणून ते बेलला हात लावत नाहीत.

दार उघडलं तर बाहेर कुणी भलताच गृहस्थ. अंगात अग्निशमन दलाची खाकी पँट, बूट हातात, आणि चेहरा कधी न पाहिलेला. नाकाखाली घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसतो तसला पांढराफटक पट्टा.

"ताई, घाबरू नका. मी आहे."

आवाज दादांचा. मी त्या गृहस्थाच्या खांद्यावरून मागे पाहिलं, दादा कुठे उभे आहेत ते बघायला. जिन्यात कुणीच नव्हतं.

"मीच तो," ते म्हणाले. "तुमच्या वहिनी दार उघडत नाहीयेत. भोकातून पाहिलं आणि आतून दुसरी कडीही लावली. तुम्ही जरा सांगता का त्यांना, की हा त्यांचाच नवरा आहे?"

मागून हे वस्तरा हातात घेऊन आले, पाहिलं आणि अर्ध्या साबणानिशी तिथेच थबकले. "दादा, मिशी कुठे गेली?"

"हुकमावर गेली."

तेवढ्यात दूध उतू गेलं. एरवी मी धावले असते. त्या दिवशी वास आला तरी जागची हलले नाही.

शेजारचं दार मी वाजवलं, माझं नाव सांगितलं, मग सांगितलं की बाहेरचा माणूस घरचाच आहे. वहिनींनी दार बोटभर उघडलं. नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत नवऱ्याकडे. "ताई, तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्या अजिबात थट्टा करत नव्हत्या.

आम्ही आत गेल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. दादा खिडकीच्या उजेडात गेले तेव्हा आम्हा दोघींना एकदमच दिसलं. वरच्या ओठावर, नाकपुडीपासून तिरकी उतरत आलेली, सुतळीएवढी जाड, गुळगुळीत खूण.

"हे केव्हा लागलं?" वहिनींनी विचारलं.

"आठ वर्षांचा असताना. बादली घेऊन पळत होतो, कडीवर आपटलो."

"सव्वीस वर्षांत मला सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"मिशीखाली काय आहे असं कुठली बायको विचारते?"

दादांनी बूट खाली ठेवले आणि पाणी प्यायला घेतलं. प्यायल्यावर सवयीने हाताच्या उलट्या बाजूने मिशी पुसायला गेले. हात नुसताच ओठावरून फिरला.

दादांची थोडी ओळख सांगायला हवी. ते बंबावरचे माणूस, पंप चालवणारे, आणि दलाच्या बँडमध्ये पहिले ट्रम्पेट. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले तेव्हा छाती चांगली म्हणून बँडमास्तरांनी हातात ट्रम्पेट दिलं. ओठावर टेकवायची पितळी वाटी नेमकी त्या खुणेवर बसायची. तासाभराने ओठ फाटायचा, रुमाल लाल व्हायचा. मास्तरांनी दोन महिने पाहिलं आणि म्हणाले, "मिशी राख. वाटीखाली गादी होईल." मिशी आली, वाटीला बैठक मिळाली, ओठ फाटायचा थांबला. तेव्हापासून एकतीस वर्षं ती कात्रीने रेघेवर ठेवलेली. वाटी जिथे टेकते तिथले केस ते इतके आखूड ठेवत की नीट पाहिल्याशिवाय कळू नये. लोकांना वाटे दादांना मिशीचा षोक आहे. षोक नव्हता. सुताराच्या पटाशीला मूठ असते, तशी ती मिशी होती.

आता ती का गेली, तर मंगळवारच्या सरावात एका दाढीवाल्या जवानाचा श्वासाचा मुखवटा गालाशी नीट बसला नाही आणि धुराच्या खोलीत त्याला भोवळ आली. पाळी संपताना स्टेशन ऑफिसर साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, "उद्या प्रत्येकाचा चेहरा गुळगुळीत पाहिजे." तीन दाढ्या तिथल्या तिथे उतरल्या. चौथे दादा. कुणी त्यांना मिशी काढा म्हणून म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हणूनही म्हटलं नव्हतं.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"आमच्यात आधी हुकूम, मग प्रश्न. शिडीवर चढलेल्या माणसाने खालच्याला का म्हणून विचारलं, तर दोघेही जातील." हे ते अगदी सरळ बोलले. तीस वर्षं याच सवयीने त्यांचा जीव राखला होता. मग तिला दोष तरी कसा द्यायचा?

तोवर मला वाटत होतं, केसच ते, येतील. संध्याकाळी पाच वाजता भिंतीपलीकडून ट्रम्पेट ऐकू आलं आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

इतकी वर्षं ऐकते आहे. आधी चार लांब सूर, पायऱ्यांसारखे एकावर एक, मग बाकीचं. त्या दिवशी पहिला सूर आला. दुसरा आला पण डगमगत. तिसऱ्याला नुसती हवा, सायकलच्या नळीतून सुटावी तशी. चौथा फुटला. असा फुटला की लेक वहीतून मान वर काढून म्हणाली, "आई, काकांना बरं नाहीये का?"

पुन्हा चार सूर. पुन्हा चौथा फुटला. सात वेळा मी मोजलं. आठव्यांदा पहिलासुद्धा आला नाही.

ते चार सूर कसले, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी तेलाच्या गोदामाला आग लागली होती, त्यात दलाची चार माणसं गेली. दर वर्षी त्या तारखेला स्टेशनच्या अंगणात त्यांच्या घरची माणसं जमतात आणि एकट्या ट्रम्पेटवर चार सूर वाजतात, एकेकासाठी एक. शेवटचा सगळ्यात उंच, आठ मोजेपर्यंत धरायचा. तो दादांच्या पंपावरच्या जोडीदाराचा. जोडीदार नळी घेऊन आत गेला होता, दादा बाहेर पंपावर होते. बावीस वर्षं दादाच वाजवत आलेत आणि चौथा कधी फुटलेला नाही. तारीख होती येत्या रविवारी.

मी चहा घेऊन गेले. दादा खुर्चीत बसले होते, ट्रम्पेट मांडीवर, ओठ सुजून टरारलेला.

"वाटी घसरते ताई. घाम आला की नुसती साबणाच्या वडीवर ठेवल्यासारखी. दाबून धरावी तर खुणेवर रुतते."

"पण दादा, बायका वाजवतात की. त्यांना कुठे मिशा असतात?"

"वाजवतात ना. आमची दुसरी ट्रम्पेट बाईच आहे, कंट्रोल रूममधली. झकास वाजवते. तिचा ओठ तसाच शिकला. माझा ओठ गादीवर शिकला. उद्यापासून तुम्हाला डाव्या हाताने पोळ्या लाटायला सांगितल्या तर?"

"मग यंदा तिला वाजवू दे," वहिनी म्हणाल्या.

दादांनी ट्रम्पेटची कळ दोनदा दाबली, सोडली. "ती चांगली वाजवेल. पण त्या दिवशी पंपावर मी होतो."

यानंतर त्या घरात कुणी तो विषय काढला नाही.

गुरुवारी आमच्या ह्यांनी नाटकमंडळीतल्या मित्राकडून खोटी मिशी आणली. मदतीचा उत्साह यांना नेहमीच अकलेच्या पुढे. दादांनी ती निमूट लावली, पहिल्या सुराला ती एका बाजूने सुटली, दुसऱ्याला वाटीत गेली. वहिनी हसल्या, बुधवारपासून पहिल्यांदाच. दादाही हसले, पण हसताना ओठ ताणला आणि खुणेवर रक्ताचा थेंब आला. हसू तिथेच आटलं.

शुक्रवारी आणखी वाईट. कोवळे खुंट वर आले होते आणि वाटीच्या काठाखाली सुयांसारखे टोचत होते. दाढी करावी तर घसरतं, न करावी तर टोचतं. इकडे आड, तिकडे विहीर. "सहा आठवडे लागतील गादी व्हायला," ते म्हणाले. रविवारला दोन दिवस होते.

त्याच दुपारी वहिनी धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशातून एक चौघडी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुखवट्याबरोबर आलेलं सूचनापत्र. दलात प्रत्येकाला दिलं होतं, दादांनी इमानदारीने घडी घालून खिशात ठेवलं होतं. हुकूम कानांनी ऐकला होता, मग कागद वाचायचा कशाला?

"बारीक अक्षर आहे ताई, तुम्हीच वाचा."

मी वाचू लागले. मुखवट्याची रबरी कड कपाळावरून, कानशिलांजवळून, गालांवरून हनुवटीखाली जाते. या पट्ट्यावर केस असू नयेत. खाली चित्र होतं, चेहऱ्याभोवती काळी जाड रेघ ओढलेली. चित्रातल्या माणसाकडे मी पाहिलं, आणि डोळे मिटून परत उघडले.

चित्रातल्या माणसाला मिशी होती.

नीट कापलेली, रेघेवर ठेवलेली मिशी, काळ्या रेघेच्या चांगली आत. शेजारी बाण, आणि बाणापुढे लिहिलेलं, आखूड मिशी चालेल.

वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि चित्रावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उगीचच."

"उगीचच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दादांना दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी चित्र उजेडात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. चेहऱ्याचा रंग उतरत गेला. "यात तर आहे," एवढंच म्हणाले. मग कागदाची होती तशीच घडी घालून वहिनींच्या हातात दिली, जणू दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून उघडलं होतं.

शनिवारी सकाळी वहिनी म्हणाल्या, "मी साहेबांना भेटणार. तुम्ही चला, मला बोलताना रडू येतं." दादा नको नको म्हणत आमच्या मागून आले.

स्टेशन आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. लाल बंब धुऊन उभे होते, खालची फरशी ओली. भिंतीवर ओळीने मुखवटे टांगलेले, प्रत्येकाखाली नंबर. बाजूला पितळी पाटी आणि तिच्यावर चार नावं, उद्यासाठी घासून लख्ख केलेली. दादा तिच्यासमोरून जाताना क्षणभर थांबले. रोजचंच असावं, कारण पुसणाऱ्या जवानाने वर पाहिलंही नाही.

साहेब तरुण होते, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. वहिनींनी कागद टेबलावर पसरला आणि चित्रावर बोट ठेवलं. रडल्या नाहीत. "साहेब, हा माणूस बघा आणि हा माझा माणूस बघा."

साहेबांनी चित्र पाहिलं. दादांच्या ओठाकडे पाहिलं, ती खूण, सूज, सुकलेलं रक्त. हातातलं पेन त्यांनी हळूच खाली ठेवलं.

"मी दाढ्यांबद्दल बोलत होतो," ते म्हणाले. "तुम्हाला मिशी काढा म्हणून कोण म्हणालं?"

"चेहरा गुळगुळीत म्हणालात, साहेब."

"पण तुम्ही एकतीस वर्षं... मला वाटलं, तुमची तुम्हाला हौस आली म्हणून काढलीत." साहेब खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "मला एका शब्दाने विचारायचं होतं, दादा." आजवर ते आडनावाने हाक मारत असत. 'दादा' अशी हाक त्यांनी पहिल्यांदाच मारली असावी, कारण दारातल्या जवानाने मान वळवली.

मग वहिनींनी ओठाचं सांगितलं, मी सुरांचं सांगितलं. साहेब ऐकत राहिले, मध्ये एकदा कपाळ दाबून धरलं. शेवटी म्हणाले, "माझ्याकडून झालं, मीच निस्तरतो. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे. तुम्ही ट्रम्पेट ओठाला लावून नुसते उभे राहा, सूर स्पीकरवरून येतील. अंगणात कुणाला कळणारही नाही."

बोलले ते भल्यासाठीच. पण मी दादांकडे पाहिलं. बुधवारी मिशी गेली तेव्हासुद्धा तो चेहरा इतका उघडा पडला नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी वरिष्ठांना नाही म्हटलं नसेल. वहिनी पुढे झाल्या, तसं त्यांनी हाताने थांबवलं.

"साहेब, प्रश्न विचारू?"

"विचारा."

"चारही सूर खाली घेता येतात. सगळेच सारखे खाली, म्हणजे चौथा तिघांच्या वरच राहील. तेवढा माझा ओठ आजही चढतो, सकाळी वाजवून पाहिलंय. ऐकायला नेहमीसारखं वाटणार नाही, पण फुटणार नाही." ते सावधान उभे होते. "रेकॉर्ड लावू नका. उद्या मला खालच्या सुरात वाजवू द्या. एवढंच मागायचं आहे."