मिठागराचे पाय

सीमेवर लढाई पेटली आणि आमच्या पेणच्या कॉलेजला एकदम देश आठवला. एरवी परेड रद्द करायला सतरा कारणं शोधणारे छात्रसेनेचे सर मे महिन्यात घरोघर फोन करत सुटले. विद्यार्थ्यांचं दहा दिवसांचं सैनिकी शिबिर, रोह्याला. जो येणार नाही त्याचं प्रमाणपत्र गेलं. शेवटच्या दिवशी निडी स्टेशनपासून रोह्याच्या मैदानापर्यंत पाठीवर ओझं घेऊन चालायचं आणि त्यात जी मुलगी पहिली येईल तिची अधिकारी भरतीसाठी शिफारस. जागा एकच.

त्या लायकीच्या आम्ही दोघीच होतो, मी आणि रामवाडीची माझी मैत्रीण. मैत्रीण आपलं म्हणायचं म्हणून. पहिल्या वर्षी माझे पाय बघून तीच सगळ्यांसमोर म्हणाली होती, हिला बूट कशाला, हिच्या तळव्यालाच चामडं आहे. वर्ग खो खो हसला. ती विसरून गेली. मी मिठागरवाल्याची पोर, मी कशाला विसरते!

शिबिरात शिकवायला लष्करातले हवालदार होते, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. पहिल्याच दुपारी त्यांनी आम्हाला तापलेल्या काँक्रीटवर अर्धा तास उभं केलं. एकजण चक्कर येऊन पडली, तर बाकीच्यांना तिच्याभोवती पळायला लावलं. फोड आले म्हटलं की ओरडायचे, तिकडे जवान मरतायत आणि तुम्ही फोड दाखवता? मग त्याच पायांनी आणखी दोन फेऱ्या. मला त्यांचा संताप यायचा. पण खोटं कशाला बोलू, माझी मैत्रीण लंगडताना दिसली की बरंही वाटायचं.

सातव्या दिवशी जेवणानंतर तिने बूट काढले. दोन्ही टाचा सोलवटून लाल झाल्या होत्या. रडत मात्र नव्हती, तेवढी धमक होती तिच्यात. माझ्या पायांकडे बघून तिने विचारलं, "तुझे पाय फुटत कसे नाहीत गं? काय करता तुम्ही?"

आमच्यात खरंच करतात. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस रोज घट्ट खाऱ्या पाण्यात पाय बुडवून बसायचं. कातडी निबर होते, मग मिठाचे खडे कापत नाहीत. पण पाय कुठे चिरलेला असला तर आई त्या पाण्याजवळ फिरकूसुद्धा द्यायची नाही. आधी जखम भरू दे, मग बस. मी तिला सगळं सांगितलं, हे शेवटचं तेवढं सोडून.

जखमेला मीठ लावू नये हे शेंबडं पोरही जाणतं. पण मिठातलं मला जास्त कळतं असं तिला वाटलं. स्वयंपाकाच्या शेडमधून चार मुठी खडेमीठ मीच आणलं, बादलीत मीच ढवळलं. झोंबेल, मी म्हटलं, झोंबलं म्हणजे लागू पडलं समज. तिने ओठ दाताखाली धरून पाय आत घातले. तीन दिवस, रोज अर्धा तास. मी शेजारी बसून घड्याळ बघायचे.

दहाव्या दिवशी तिचे पाय बुटात जाईनात. टाचांत पू झालेला, अंगात ताप. लढाईच्या वेळी हिला नाटकं सुचतात, म्हणत उस्तादांनी यादीतून तिचं नाव कापलं. निडीहून मी निघाले आणि रोह्यात पहिली आले.

घरी आईला मी बादलीचं सांगून टाकलं. तिने हातातलं काम थांबवलं.

"कातडी उघडी व्हती, तुला दिसलं नाय गो?"

"नाय," मी म्हटलं.

आईने परात पुढे ओढली. मग भाकऱ्या थापायला बसली, पण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला बघायला दवाखान्यात गेले. लढाई तोवर थांबली होती. डॉक्टरांनी तिच्या एका टाचेचं मांस कापून काढलं होतं. आता धावणं होणार नाही, भरतीचं विसरा, असं तिच्या आईने मला बाहेरच सांगितलं. मला बघून ती उठून बसली.

"पहिल्या वर्षी तुझ्या पायांना हसले होते ना मी, त्याचंच हे फळ," ती म्हणाली. "तू मात्र मनात ठेवलं नाहीस."

तिच्या आईने चहा दिला. मी तो सगळा प्यायले.