खंड्याचा डोळा

आमच्या चष्मेवाल्याचा हात म्हणजे हात. चष्म्याच्या काडीतला तिळाएवढा स्क्रू तो बोलता बोलता बसवतो. त्याची गोष्ट घाईने सांगून चालणार नाही. तोही कधी घाई करत नाही.

मध्यंतरी चहा पिताना त्याचा कप बशीवर खडखडला. एवढंच. पण त्याच्या थोरल्या भावाचं घड्याळांचं दुकान हात थरथरू लागल्यावरच बंद पडलं होतं. त्या दिवसापासून हा कप दोन्ही हातांनी धरू लागला. बायकोलाही काही बोलला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

सुट्टीला पक्ष्यांचे फोटो काढायचा त्याला नाद. ओढ्याकाठी पालथं पडून त्याने एक खंड्या अगदी जवळून टिपला. मोठा करून बघायची मात्र छाती झाली नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड तसंच फोटो स्टुडिओवाल्या काकूंच्या हातात दिलं.

काकूंच्या स्टुडिओमागच्या खोलीत दर आठवड्याला आम्ही हौशी मंडळी जमतो. काकू एक फोटो मोठा छापून तारेला चिमट्याने अडकवतात आणि सगळे मिळून त्याची चिरफाड करतात. नियम एकच : ज्याचा फोटो, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

त्या संध्याकाळी खंड्या तारेवर चढला. निळा असा, की खोलीतला दिवा फिका पडावा. चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब. आणि डोळा धुरकट.

"दाजी, डोळाच गेला की!" त्याचा मेहुणा म्हणाला. "गावाला चष्मे वाटता, याला पण द्यायचा एखादा!"

खोली हसली.

"हात हलला असणार," मागून कोणीतरी म्हणालं.

चष्मेवाल्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. दुकानाचं शटर कायमचं खाली आलेलं त्याला दिसू लागलं. बोलायची तर सोय नव्हती.

काकू उठल्या. नाक फोटोला टेकेल इतक्या वाकल्या.

"हात कसला हलतोय? पक्ष्याच्या नखांतली माती दिसतेय इथे. हात हलला तर सगळंच पुसलं जातं, एकटा डोळा कसा पुसेल?"

"मग काकू?"

"अरे, पक्ष्याला आतून एक पातळ पापणी असते, सायीसारखी. पाण्यातून वर येऊन तीच ओढून बसलाय. पण फोटो म्हणून साफ फसलाय हो. डोळा झाकलेला, शेपूट कापलेली, मागचा दगड डोक्यावर टोपीसारखा. हं, आता बोला चष्मेवाले."

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "म्हणजे... हात ठीक आहे?"

"हाताला काय धाड भरलीय? डोकं वापरा जरा. शेपटीला जागा कोण सोडणार?"

"मीच, मीच!" तो हसतच सुटला. "आणखी सांगा ना, काकू. दगडाचं काय म्हणालात?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "दाजींना झालंय काय? शिव्या खाऊन माणूस असा खुलतो?"

चष्मेवाला तोवर फोटोपाशी जाऊन उभा राहिला होता. शेपूट कुठे तुटली ते बोटाने दाखवत होता. स्वतःची प्रत्येक चूक तो मोठ्या प्रेमाने सगळ्यांना समजावून सांगत होता.