सोयऱ्यांच्या ज्वारीचा हुरडा

सातासमुद्रापलीकडून आलेल्या ज्वारीचा मी हुरडा केला आणि तो ज्यांची ज्वारी त्यांनाच खाऊ घातला.

अकोल्याच्या ज्वारी संशोधन केंद्रावर मी तेव्हा नवा सहायक होतो. एका परदेशी केंद्राशी आमचं साटंलोटं होतं. त्यांचं बियाणं आम्ही जगवायचं, आमचं त्यांनी. त्यांच्याकडच्या थंड कोठीचं यंत्र बिघडलं आणि खोडमाशीला दाद न देणारं एक वाण तिथं साफ मेलं. जगात उरली ती आमच्या शेतातली एक आखूड ओळ. ती पाहायला त्यांचा शास्त्रज्ञ स्वतः येणार होता.

ओळ माझ्या ताब्यात. मला चैन पडेना. जठारपेठेतल्या खोलीवरून सायकल काढायची, कणसं बघायची, परत यायचं. कुलूप उघडण्याआधीच वाटायचं, पाखरं बसली असतील. पुन्हा सायकल. दुसऱ्या ज्वारीचा पराग शिरू नये म्हणून कणसांना कागदी पिशव्या घातल्या होत्या. पाहुणा यायच्या सकाळी मनात आलं, सोयरे दारात आले आणि लेकीचं तोंड झाकलेलं? परागाचे दिवस तर उलटले होते. भरदार कणसांच्या पिशव्या काढून टाकल्या. फुटव्यांवरची चार किरटी कणसं मात्र लाज आणतील म्हणून झाकलेलीच ठेवली.

राखणदार मामांना मी कितीतरी दिवस एकच बजावत होतो, की पिशवीच्या कणसाला हात लावायचा नाही. हुरड्याचा बेतही माझाच. बाकी शेत निबरलं होतं. कोवळी, उघडी कणसं मामांना एकाच ओळीत सापडली. माझा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला.

गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली. जवसाच्या चटणीशी पाहुणा मुठी भरभरून खात होता, असा गोड दाणा कुठं चाखला नाही म्हणत होता. मला बसवेना. उठून ओळीकडे गेलो. ताटं उभी होती, मुंडकी नव्हती.

धावत येऊन पाहुण्याशेजारी बसलेल्या आमच्या केंद्रप्रमुख साहेबांच्या कानात सांगितलं. साहेब तिवशाकडचे, अस्सल वऱ्हाडी. आवाज न चढवता त्यांनी ते इंग्रजीत पाहुण्याला सांगून टाकलं. पाहुण्याची मूठ तोंडापाशीच थांबली. मग तो उठला आणि एकेक ताट वाकवून बघत ओळीतून चालू लागला. मी मागे, उगाच ढेकळं तुडवत. टोकाशी त्या चार पिशव्या दिसल्या आणि तो गुडघ्यांवरच बसला. दाणा बारीक होता, पण भरत होता.

तो दाणा पिकेपर्यंत साहेबांनी मला ओळीकडे फिरकू दिलं नाही. पुढे बी परदेशी गेलं, तिकडे उगवलं, तशी तार आली. तार वाचून मी जरासा ताठ झालो. कणसं झाकून तर मीच ठेवली होती.

साहेबांनी तार माझ्या हातातून काढून घेतली. "राजेहो, तुमाले जे चांगलं दिसलं ते आमच्या पोटात गेलं. आता बियाणं निवडताना तुमालेच इचारत जाऊ. तुमी ज्याले टाकून द्या म्हणसान, तेच ठेवू."