बेटावरचा कुकारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दुकानात रोज येऊन बसणाऱ्या मित्रांना नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हाही दुसरंच काहीबाही बोलून परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि भीती वाटतेय म्हणून. तशी ती नऊ वर्षं वाटतेच आहे, पण गेल्या आठवड्यापासून जेवण जात नाही.

गोंडपिपरीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. माझा डावा कान गेलेला आहे, हे तालुक्याला ठाऊक आहे. गिऱ्हाईक आपोआप उजव्या बाजूने येऊन बोलतं. मित्र चिडवतात की हनिमून भाऊच्या कानाशी आला. मीही हसतो. तो कान कसा गेला, ते सांगायचंय — म्हणजे गेला का, तेच सांगायचंय.

त्या वर्षी माझं आणि ज्योत्स्नाचं लग्न झालं आणि त्याच वर्षी औषधाच्या एका कंपनीच्या स्कीममध्ये माझा नंबर लागला. जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना सपत्नीक क्रूझची सहल! पाच दिवस, तीन बेटं. गावात बातमी अशी पसरली की जणू मी जहाजच विकत घेतलं. मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पाण्याची मला भयंकर भीती — गुडघ्याच्या वर पाणी आलं की छाती धडधडते. पण ज्योत्स्नाला मी काय सांगितलं असेल? लग्नाआधी, फोनवर, सांगून बसलो होतो की वर्धा नदी मी पोहून पार करतो. का सांगितलं? नवरा मुलगा काहीतरी सांगतो, तसं सांगितलं. तिला पोहता येत नव्हतं आणि तिने ते सरळ सांगितलं होतं. म्हणाली होती, "तुमी हाय ना संग, मंग मले कायचं भेव?"

थांबा, त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

तिचं माहेर चामोर्शीकडे, जंगलाच्या काठावर. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मोहफुलांचे दिवस होते. उजाडता उजाडता सगळं घर टोपल्या घेऊन मोह वेचायला निघालं, मीही गेलो. जो तो आपापल्या झाडाखाली. एकमेकांना दिसत नाहीत, वाघाचं जंगल, म्हणून थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी कुकारा देतो — 'कूऽऽ' असा लांब, वर चढत जाणारा आवाज. नाव घेऊन ओरडायचं नाही, फक्त कुकारा. आणि ज्याला ऐकू येईल त्याने लगेच तसाच कुकारा परत द्यायचा. त्याला ते 'ओ देणं' म्हणतात. मला गंमत वाटली. ज्योत्स्नाने दिलेल्या कुकाऱ्याला मी मुद्दाम ओ दिली नाही, झाडामागे लपून हसत राहिलो. दोन मिनिटांत सात माणसं टोपल्या टाकून, कुऱ्हाडी घेऊन धावत आली. ज्योत्स्नाचा चेहरा पांढरा पडला होता. सासरे रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "जंगलात ओ नाई देली तं मानूस गेला असंच समजतेत, जावईबापू." त्या दिवशी मी शपथ घेतली की असं पुन्हा करणार नाही.

महिनाभराने आम्ही जहाजावर होतो.

पहिले दोन दिवस चांगले गेले, हेही खरं. ज्योत्स्ना डेकवरून हलायची नाही. राजुऱ्याचे एक दुकानदार भाऊ आणि त्यांची बायको सोबत होते. त्या वहिनींशी तिची गट्टी जमली. मी मात्र कठड्यापासून चार हात लांब बसायचो आणि ऊन लागतंय असं सांगायचो.

तिसऱ्या दिवशी आम्हाला लहान बोटीने एका निर्मनुष्य बेटावर नेलं. नारळाची झाडं, पांढरी वाळू. त्या बेटाला लागून आणखी एक इवलंसं बेट होतं आणि ओहोटीला दोन्हींच्या मधून चालत जाता यायचं. घोट्याएवढं पाणी. गाईडने सगळ्यांना नंबरचे बिल्ले दिले होते. परत बोटीवर चढलं की आपला बिल्ला तिथल्या फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा, म्हणजे कोण राहिलं ते कळतं. ज्योत्स्नाच्या ड्रेसला खिसा नव्हता. तिचा बिल्ला माझ्याकडे होता.

पलीकडे जाताना गाईडने आडवी दोरी बांधली आणि हसत हसत सांगितलं, "जिसकी बीवी पीछे रहेगी, वो मेरे साथ रस्सी पकड़ के वापस आएगा." सगळे हसले. तो विनोद नव्हता, नियम होता. निदान मी तो तसाच ऐकला.

पलीकडच्या बेटावर केवड्याची दाट झुडपं होती. ज्योत्स्ना म्हणाली, "तुमी इथीच थांबा, मी पल्याड पाहून येते." शिंपल्या शोधायला गेली. मी उभा होतो. मग शिट्टी वाजली. भरती सुरू झाली होती आणि मी बघितलं तर मघाचं घोट्याचं पाणी गुडघ्याला आलं होतं. लोक भराभर दोरी धरून निघाले. मी एकदा झुडपांकडे पाहिलं. हाक मारली का? नाही. हाक मारून थांबावं लागलं असतं. आणि तेवढ्यात पाणी मांडीला लागलं असतं.

मी निघालो.

येईलच मागून, असं स्वतःला सांगत दोरी धरून मी ते पाणी पार केलं. मध्यावर ते कमरेपर्यंत आलं. बोट नारळांच्या मागे, वळणावर होती. तिथून ते छोटं बेट दिसत नव्हतं. मी बोटीत चढलो आणि फळीपुढे उभा राहिलो. मी काय करतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. एक खिळा रिकामा राहिला तर गाईड विचारणार. विचारलं तर मला त्या पाण्यात परत जावं लागणार. मी दोन्ही बिल्ले अडकवले.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला, घाबरल्यावर डोकं चालत नाही. तसं म्हणू नका. अजून सांगून झालेलं नाही.

गाईडने फळी पाहिली, भरलेली होती. इंजिन सुरू झालं. आणि तेव्हा तो आवाज आला. 'कूऽऽ.' लांब, वर चढत जाणारा. बोटीत वीसेक माणसं होती, कुणाला काही वाटलं नाही. कसं वाटेल? 'वाचवा' म्हणून ओरडली असती तर सगळ्यांना कळलं असतं. पण ती जंगलाकाठची पोर, तिला वाटलं कुकारा पुरे. तो समजणारा एक माणूस तिथे आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. आणि तिचं बरोबरच होतं. मला समजला.

गाईडने कान टवकारले. माझ्याकडेच बघून त्याने विचारलं, "ये क्या आवाज़ है?"

मी म्हणालो, "पंछी होगा."

हे ते. एवढंच. नऊ वर्षं हे दोन शब्द मी कुणापुढे उच्चारलेले नाहीत.

त्यानंतर आणखी तीनदा कुकारा आला. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता. तिसरा मध्येच फाटला. चौथ्याच्या वेळी बोटीवरचा माणूस दोर सोडत होता आणि मी माझ्या पायांकडे बघत होतो. राजुऱ्याच्या वहिनींनी शेजारी जागा धरून ठेवली होती. त्यांनी मान वळवून विचारलं, "अवो, ज्योत्स्ना कुठी हाय?" त्यांनी विचारलं नसतं तर? मी बोललो असतो का? या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाही, कारण ते मला माहीत आहे.

गाईडने उडी मारली. बिल्ला घाईत चुकून लागला असेल, असं सगळ्यांनी धरलं; मला दोरी धरायला कुणी सांगितलंच नाही. तिला आणलं तेव्हा ती गळ्यापर्यंत भिजलेली होती, केवड्याच्या काट्यांनी हात सोलले होते. वाट पाहून ती एकटीच पाण्यात उतरली होती म्हणे. बोटीत बसल्यावर तिने तोंडावरचं पाणी पुसलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "तुमाले ऐकू नाई आलं का?" तिने विचारलं.

उत्तर तिनेच माझ्या हातात दिलं. मी बेटाकडच्या, डाव्या कानाला हात लावला आणि मान हलवली. लाटेचं पाणी गेलंय, म्हणालो.

मग तो कान बरा होऊ शकला नाही. झाला असता तर तिने पुन्हा विचारलं असतं ना? चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हेडफोन लावून तपासलं, आवाज आला की बटण दाबायचं असतं. डावीकडच्या आवाजांना मी मोजूनमापून दाबलं नाही. ज्योत्स्ना घरी सगळ्यांना सांगते, "यांची काई चुकी नाई, मीच नाव घेऊन बोंबलाले पायजे होतं." दर वर्षी मोहाच्या दिवसांत माहेरी गेलो की ती माझ्याजवळचंच झाड धरते, मला एकटं सोडत नाही. स्वतःची चूक समजून ती मला सांभाळते आहे. मी सांभाळू देतो.

आता गेल्या आठवड्याचं.

ती चंद्रपूरहून कानाचं मशीन घेऊन आली. मला न सांगता. अंगणात खुर्चीवर बसवलं, डबी उघडली आणि स्वतःच्या हाताने मशीन माझ्या डाव्या कानात बसवलं. इतकी खूश होती की बोलताना धाप लागत होती. म्हणाली, उजव्या कानात बोट घट्ट घाला आणि मागे पाहू नका. मग ती माझ्या मागे लांब, पार फाटकापर्यंत गेली आणि तिने कुकारा दिला. मोठा नव्हता.

मी ओ दिली. ताबडतोब. तिला आनंद व्हावा म्हणून दिली, एवढं तरी खरं मानून चाललो होतो.

ती परत आली तेव्हा रडत होती, हसतही होती. डबी उचलायला वाकली. डबीत सेलचं पाकीट होतं. न उघडलेलं. मशीनमध्ये घालायचे सगळे सेल त्यातच होते.

तिने ते पाकीट हातात धरलं. पाकिटाकडे पाहिलं, माझ्या कानाकडे पाहिलं. मग तिने पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन भाजी चिरायला बसली.

आज आठ दिवस झाले. ती काही बोललेली नाही. स्वयंपाक करते, डबा देते, झोपताना दिवा मालवते. मला माहीत आहे की ती मनात एकेक दिवस मागे जाते आहे, आणि कधीतरी त्या बेटापर्यंत पोचेल. तिथे चार कुकारे दिलेत, हे तिला आठवतंय. मी तेव्हा बोटीत काय बोललो, ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

चारही मी ऐकले होते, ज्योत्स्ना. ते पक्षी नव्हते, हे त्या बोटीत फक्त मला माहीत होतं.