मालसुनच्या मशीनचं हट्टी बटण

मालसुनचं नाक फार तिखट. मुल्ले भागातल्या आमच्या कारखान्यांच्या गल्लीत माझी खानावळ आहे आणि तिथे ती बरीच वर्षं माझ्याबरोबर रस्से ढवळायला होती. झाकण न उचलता सांगायची, मुळा शिजलाय की अजून कच्चा आहे. नवरा गेल्यावर तिने त्याचं लेथ विकलं, शिकवणीला जाऊन सगळं शिकली आणि एक जुनं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं, घेऊन मोकळी झाली.

गल्लीतल्या पुरुषांच्या पोटात दुखायला लागलं. सगळ्यांत जास्त आमच्या ह्यांच्या. आमचे हे, म्हणजे प्यो योंगपाल, शेजारीच ग्राइंडिंगचं काम करतात आणि फुकट सल्ले देतात. त्यातला दुसरा धंदा जास्त जोरात चालतो.

मशीन आलं तेव्हा रीतीप्रमाणे त्याची पूजा झाली. डुकराचं हसरं डोकं मांडलं, सगळे वाकले, तांदळाची पांढरी दारू, माक्कोल्ली, शिंपडली. पूजा ह्यांनी चालवली, कारण कुणी विचारायच्या आधीच हे पुढे जाऊन उभे होते.

आणि थोड्याच दिवसांत मशीन रुसलं. त्याच्या टेबलावर एक छोटं बटण असतं. काम सुरू करण्याआधी कटर खाली येऊन त्याला टेकतो, तेव्हा मशीनला कळतं की कटरचं टोक नेमकं कुठे आहे. ते बटण खोटं बोलायला लागलं. दुपारी ठीक, सकाळी मात्र वाट्टेल ते. खाच कधी खोल, कधी उथळ. शुक्रवारी पंपाच्या कारखान्याचा तपासनीस नमुने बघायला येणार होता. नमुने नापास झाले की काम गेलं, मशीन गेलं आणि मालसुन परत माझ्या चुलीपाशी. मला ती हवीच होती, पण अशी हरून आलेली नको होती.

"बाईचा हात मशीनला मानवत नाही," हे म्हणाले.

"अहो, तुमचा तरी कशाला मानवतो? घरातला नळ अजून गळतोय."

मालसुन वादात पडली नाही. तिने केबल बदलली. तसंच. मग जोडण्या घासून घट्ट केल्या. तरी तसंच. एका वेळी एकच गोष्ट करायची तिची पद्धत. मीठ घातलं की आधी चाखायचं, मगच तिखटाला हात लावायचा. शुक्रवारी सकाळी तिने ते बटण बोटानेच दाबून सोडलं. माझी सासू खुर्चीतून उठायची तसं ते वर आलं, कण्हत कण्हत.

"ताई, इकडे ये. वास घे."

मी वाकले. "तेलाचा वास आहे गं."

"तेलाच्या खाली बघ."

तेलाच्या खाली काहीतरी आंबूस होतं. बटणावरची रबराची टोपी जुनी, एका बाजूने फाटलेली. ती काढली तर आत दांडीला वाळलेल्या पेजेसारखा पांढरा थर! रात्रीच्या गारठ्यात तो घट्ट व्हायचा आणि दुपारपर्यंत दाबून दाबून सैल पडायचा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पूजेच्या वेळी "हेच ह्याचं तोंड, हे आधी भिजलं पाहिजे" म्हणत ह्यांनी माक्कोल्लीची अख्खी वाटी त्या बटणावर उपडी केली होती आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने कोमट पाण्याने धुतलं, स्पिरिटने पुसलं, वाळवलं. बटण टणकन वर आलं. तपासनिसाने एकेक नमुना उलटसुलट करून मोजला, नाक मुरडायला कुठे जागा सापडली नाही, आणि काम देऊन गेला. मला नाचावंसं वाटत होतं.

लगेच गल्ली दारात जमली.

"केबलच होती ना? मी तेव्हाच म्हणत होतो," हे म्हणाले. कधी म्हणत होते, देव जाणे.

मालसुनने ती रबराची टोपी त्यांच्या हातावर ठेवली. "वास घ्या, भाऊजी."

ह्यांनी घेतला. कान लालबुंद झाले.

"प्यो शेठ, मशीनला झिंगवलंत की हो!" कुणीतरी ओरडलं आणि गल्ली हसून लोटपोट झाली. मीही पोट धरून हसले.

मालसुन हसली नाही. "त्या दिवशी सगळ्यांना वाटी मिळाली," ती म्हणाली. "मेलेल्या डुकराला मिळाली, मशीनला मिळाली. मशीन माझं होतं. मला एकाने तरी विचारलं?"

मला तिच्याकडे बघवेना.

हे माझ्या खानावळीत गेले, वाटी भरून घेऊन आले आणि वडीलधाऱ्यांना देतात तशी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

तिने वाटीकडे पाहिलं, मग मशीनकडे. पुढचा नग नुकताच मशीनवर लागला होता.

"काम चालू असताना मी घेत नाही, भाऊजी. थांबा जरा."

आणि उभ्या जन्मात माझ्यासाठी कधी दोन मिनिटं न थांबलेले आमचे हे, ती वाटी दोन्ही हातांत धरून, मशीन थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.