चर्चच्या जागेवर अळीव उगवत नाही

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येकाचं कारणही तिथल्या तिथे सांगायचो. दार आपोआप उघडलं? बिजागरी तपासा. जिन्यात कुणी दिसलं? आधी झोप पूर्ण करा. मी गाड्यांचे सुटे भाग तपासणारा इंजिनिअर. भाग मोडतो, तो का मोडला हे शोधणं माझं काम... वीस वर्षं तेच करतोय. कारण नसतंच असं होत नाही, ते सापडलेलं नसतं. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणूनच गेली तीन वर्षं माझी चिडचिड होतेय.

आम्ही ट्रॉयला, मिशिगनमध्ये राहतो. इथल्या मराठी मंडळात दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा असते. थंडीमुळे अंगणात किल्ला करता येत नाही, म्हणून एक गाडी बाहेर काढायची आणि गराजमध्ये आठ बाय चारच्या प्लायवूडवर माती रचायची. शनिवारी सकाळी परीक्षक घरोघर फिरतात. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी ईरा अकरा वर्षांची होती. सगळे रायगड नाहीतर सिंहगड करणार, म्हणून मी ठरवलं की आपण वसई करू. मराठ्यांनी सतराशे एकोणचाळीसमध्ये वेढा घालून पोर्तुगीजांकडून जिंकलेली वसई. सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग, तटाला भगदाड, वर झेंडा. बक्षीस नक्की!

समोरच्या घरात नेल्सन राहतो, मूळचा वसईचा. त्याचे वडील पास्कू काका तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, जन्मभर गवंडीकाम केलेले. मुलाचं ढगळ जॅकेट घालून ते गराजच्या दारात येऊन उभे राहिले आणि फळीकडे बघून म्हणाले, ‘‘हे काय? आमची वसई की ढोकळ्याचं ताट?’’

‘‘काका, सुरुवात आहे हो.’’

‘‘चौकोनी कुठे असते ती? सरक जरा. दहा बुरूज लागतील. आणि दर्याचा दरवाजा कुठाय?’’

पुढचे दहा दिवस किल्ला त्यांचाच झाला. ईरा त्यांना ‘पास्कू आजोबा’ म्हणू लागली. ती इंग्रजीत विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे आणि दोघांचं उत्तम चालायचं. मातीत किती पाणी, किती भुसा, हे तिला हात धरून शिकवलं त्यांनी. गेली चाळीस वर्षं गावच्या चर्चमधला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तेच करत होते. तो बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक येतात हे त्यांनी सांगितलं नाही, नेल्सनने सांगितलं.

तट झाला तेव्हा काका म्हणाले, ‘‘विनय, आत एक चर्च करू दे मला. दोन-चार घरं, थोडी माणसं.’’

‘‘करा की!’’

‘‘तुमच्या लोकांनी चर्चच्या घंटा नेल्या, त्या अजून देवळांत वाजतात. वाजू देत, घंटाच ती. पण गोष्ट सांगताना सगळे सांगतात की फिरंगी बोटीत बसून गेले आणि वसई रिकामी झाली. आम्ही कुठे गेलो रे? आम्ही दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो.’’

मला ते फार आवडलं. ईराने परीक्षकांसमोर हेच वाक्य बोलायचं असंही ठरलं. काकांनी चर्च केलं ते हातभर अंतरावरूनही खरं वाटावं असं. आठ इंच लांब, पाच इंच रुंद, मागची भिंत अर्धगोल, वर चुन्याचा हात. भोवती आम्ही अळीव पेरला आणि चार दिवसांत सगळा किल्ला हिरवा झाला.

गुरुवारी मंडळाचा सतीश फोटो काढायला आला.

‘‘अरे, हे काय? विजयाचा किल्ला की ख्रिसमसचा देखावा?’’

‘‘चर्च होतं रे तिथे. खरंच होतं.’’

‘‘असेल ना यार. मी काहीच म्हणत नाही. ग्रुपवर फोटो गेला की लोक विचारतील, मग तू उत्तरं देत बस.’’

एवढंच बोलला तो. धमकी नाही, भांडण नाही. मी दुसऱ्याचं नाव पुढे करत नाही, कारण पुढचं सगळं मी केलंय. शुक्रवारी घरून काम होतं. ईरा शाळेत, काका नेल्सनबरोबर डॉक्टरकडे. दुपारी मी गराजमध्ये गेलो आणि चर्च काढायला लागलो. हाताने हलेना. मग पटाशी घेतली. तरी भिंत सुटेना. पंधरा मिनिटं खपलो, बोटाचं सालटं निघालं. तुकडे पिशवीत भरून कचऱ्यात टाकले, जागा सपाट केली आणि कोपऱ्यातला हिरवा अळीव मातीसकट कापून तिथे बसवला.

संध्याकाळी ईराने विचारलं, ‘‘बाबा, चर्च? इट जस्ट फेल डाऊन?’’

‘‘हो गं. आपोआप पडलं.’’

काका मागेच उभे होते. त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘माती कच्ची राहिली असेल.’’

शनिवारी सकाळी किल्ला हिरवागार होता, फक्त बसवलेला अळीव आडवा पडून पिवळा झाला होता. मुळं तुटली असतील असं मी म्हटलं. बक्षीस दुसरं मिळालं. काकांचं ते शेतावर गेल्याचं वाक्य ईरा बोललीच नाही.

दिवाळीनंतर, ते सगळं डोक्यातून जावं म्हणून, मी त्या जागी आणि भोवती पुन्हा अळीव पेरला. सगळीकडे उगवला, तिथे नाही. जागेची कड सुरीने कापल्यासारखी. मोजली... आठ इंच, पाच इंच. एक बाजू अर्धगोल!

चुना उतरला असणार. माती खरवडून फेकली, नवी पिशवी फोडली. नाही. ऑफिसमधून ओलावा मोजायचं यंत्र आणलं. आत-बाहेर आकडा सारखाच. आम्लता तपासली, तीही सारखीच. मग तिथलंच बी चिमटीने वेचून वाटीत ओल्या रुमालावर ठेवलं आणि ते तिसऱ्या दिवशी फुटलं! म्हणजे बी जिवंत, माती चांगली, पाणी पुरेसं. मग अडतंय कुठे? मी पेन फेकून दिलं. बायको म्हणाली, ‘‘एवढीशी जागा आहे, सोड ना.’’ तिलाही मी खरं सांगितलेलं नव्हतं.

काका डिसेंबरच्या सुरुवातीला परत गेले. नाताळनंतर नेल्सन बर्फ काढताना भेटला. ‘‘पप्पांनी या वर्षी गोठा नाही केला,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणतात, हातात जोर राहिला नाही, माती उभी राहत नाही. तुमच्याकडे ते चर्च पडलं ना, तेच मनात धरून बसलेत.’’

तेव्हा बोलायला हवं होतं. तो फावडं घेऊन समोर उभा होता आणि मी म्हणालो, ‘‘वय झालं की होतं असं.’’ हे वाक्य मला अजून झोपताना ऐकू येतं.

दुसऱ्या वर्षी नवी फळी, नवी माती, किल्ला सिंहगड. फळीवर त्याच ठिकाणी तोच आकार रिकामा. ईराने बघितलं आणि ती आत निघून गेली. त्या नाताळलाही गोठा झाला नाही, आणि तिसऱ्या वर्षीही सगळं तसंच. या वर्षी मी किल्लाच केला नाही. जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नुसती माती घालून अळीव पेरला... चौथ्या दिवशी मधोमध तोच तुकडा उघडा.

रविवारी सकाळी वसईला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती.

‘‘काका, विनय बोलतोय. ट्रॉयहून.’’

‘‘अरे, बोल बाळा! ईरा कशी आहे? बर्फ पडला का?’’

मी थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. ‘‘काका, ते चर्च पडलं नव्हतं. मी तोडलं. लोक काय म्हणतील म्हणून. तुम्हाला खोटं सांगितलं.’’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

‘‘मला खरंच वाटलं होतं रे, पडलं म्हणून.’’

मला वाटत होतं ते म्हणतील, ‘मला ठाऊक होतं.’ तसं म्हणाले असते तर सुटलो असतो मी.

‘‘तुमचं काम कच्चं नव्हतं, काका. निघतच नव्हतं ते. पटाशी लावावी लागली.’’

‘‘किती वेळ लागला?’’

‘‘पंधरा मिनिटं.’’

‘‘पंधरा मिनिटं,’’ ते म्हणाले. मग विचारलं, ‘‘पोरीला सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘तिला सांग आधी. मला काय सांगतोस, मी म्हातारा माणूस.’’ आणि फोन ठेवला.

ईरा आता चौदाची आहे. त्याच दुपारी तिला सगळं सांगितलं. ती ट्रेकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘ही वॉज सो सॅड, बाबा. आय टोल्ड हिम इट वॉज माय फॉल्ट. की मी पाणी जास्त घातलं.’’ अकरा वर्षांच्या पोरीने माझी चूक तीन वर्षं स्वतःकडे ठेवली होती, आणि काकांनी तिचं खोटं मानलं नव्हतं, दोष आपल्याच हातांना दिला होता. ती खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. आता बोलते, पण मी काही सांगितलं की ‘‘रिअली?’’ असं विचारते. पूर्वी विचारत नसे.

कबूल केल्यावर तिथे अळीव उगवेल अशी मला आशा होती, खोटं कशाला बोलू. ताजं बी आणून पेरलं. आज आठवा दिवस. बाहेरचा अळीव बोटभर वाढून कलंडायला लागलाय. आतली माती तशीच ओली, काळी, उघडी.

नाताळला अजून वेळ आहे. काका गोठा करणार का, हे नेल्सनला विचारायचं धाडस होत नाही. या जागेचं कारण माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण कृपा करून ‘माती बदलून बघा’ एवढं लिहू नका. बदलली आहे.